बेवड मोडला, मूळ कुजले



मागच्या जिल्हा बैठकीत भावावर चर्चा चालली होती. हमीभाव किती, बाजारात किती, खर्च किती, हा आपला नेहमीचा हिशेब. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठून पुढे आल्या. पदराखाली ज्वारीची चार ताटे होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "भावाचे बोलणे चालू द्या, पण आधी हे बघा. पेरले, खुरपले, पाखरे राखली. कणसे निसवली तेव्हा येणारा-जाणारा बांधावर उभा राहून बघत होता. संक्रांत झाली आणि आठ दिवसांत रान आडवे झाले. दाणा बारीक, कडबा काळा. बैल तोंड लावत नाहीत. औषध सांगा."

मंचावर आम्ही पाच-सहाजण होतो. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी शेतीची पदवी घेतलेला माणूस, तेव्हा ताट माझ्या हातात आले. बुडाजवळचे दुसरे पेर विळ्याने उभे चिरले. आतला भेंडासारखा गर नाहीसा झालेला. उरले होते नुसते सुटे दोरे आणि त्या दोऱ्यांवर कोळशाच्या भुकटीसारखी काळी धूळ. बोट लावले तर बोट काळे झाले.

हा खडखड्या. त्या बाईंना मी खरे ते सांगितले, की आडव्या पडलेल्या ज्वारीला औषध नाही. उभ्या ज्वारीलाही खात्रीने लागू पडेल अशी फवारणी नाही. याचे उत्तर औषधाच्या दुकानात नाही, बेवडात आहे. बैठकीत दोन मिनिटांत एवढेच बोलता आले. उरलेले आज लिहितो आहे, कारण नवी पेरणी ठरवायची वेळ आली म्हणजे बेवडाचाच विचार सगळ्यात शेवटी होतो.

वरून दिसते ते शेवटचे

खडखड्या ताटावर दिसतो, पण तो मुळाचा रोग आहे. मॅक्रोफोमिना फॅसिओलिना नावाची बुरशी तो आणते. ही बुरशी जमिनीत आणि धसकटांत बारीक, टणक, काळ्या कणांच्या रूपाने राहते. चिरलेल्या ताटात जी कोळशाची भुकटी दिसली ती म्हणजे हेच कण. प्रत्येक कण हे रोगाचे बीज समजा. आज तुम्ही ताट उपटून बांधावर टाकले आणि धसकट रानात सोडले, की पुढच्या हंगामाची पेरणी बुरशीने करून ठेवली. कोरड्या जमिनीत हे कण वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

बुरशी मुळात शिरते ती पीक लहान असतानाही. पण पीक जोमात असेल, ओल असेल, तर ती आत नुसती दबून बसते. पीक फुलोऱ्यात येते, दाणा भरू लागतो, तेव्हा सगळे बदलते. कणीस साखर मागते. ओल असेल तर पाने ती पुरवतात. ओल संपली, ऊन तापू लागले, तर पानांना पुरवठा जमत नाही. मग झाड आपल्याच ताटातली आणि मुळांतली साठवण काढून कणसाला देते. घरात धान्य संपल्यावर बियाण्याचे पोते फोडावे तसे. मूळ आणि ताट रिकामे, दुबळे होते आणि इतके दिवस दबून बसलेली बुरशी त्याच वेळी उठते. जमीन तापून ३०-३५ अंशांवर गेली, की तिला हवे तसे हवामान मिळते.

म्हणूनच खडखड्याचा घाव चांगल्या दिसणाऱ्या पिकावर जास्त बसतो. ज्याचे कणीस मोठे आणि ओल अपुरी, त्याचे ताट आधी आडवे. शेतकरी म्हणतो, दृष्ट लागली. दृष्ट वगैरे काही नाही. जमिनीत रोगाचे बीज होते आणि दाणे भरताना पाणी नव्हते. या दोन गोष्टी एका रानात एका वेळी आल्या. यातली एक जरी नसती, तरी पीक उभे राहिले असते.

हे मी आज सांगतो, पण मला ते पुस्तकातून कळले नाही. २००३ सालची गोष्ट. पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो. सप्टेंबरात बरा पाऊस झाला, ज्वारी छान उगवली. एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी म्हटले, बियाणे दाट पडले असेल तर विरळणी करू नका, ताटे जास्त तर कणसे जास्त. गुडघ्याएवढ्या ज्वारीत वरून युरियाही द्यायला सांगितला. ज्वारी काळीभोर झाली. त्यांनी गावभर माझे नाव केले. पुढे पाऊस आला नाही. दाट आणि हिरव्या पिकाने असली नसली ओल डिसेंबरातच पिऊन टाकली. जानेवारीत अख्खे रान लोळले. शेजारच्या बांधावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मुगावरची विरळ मालदांडी उभी होती. ते मला एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही पीक बघून खत सांगितले. रान बघितले नाही." त्या दिवसापासून कोणी पीक दाखवले, की मी आधी विचारतो: यात मागच्या वर्षी काय होते? त्याच्या मागच्या वर्षी काय होते?

पुस्तकातली फेरपालट आणि आपली फेरपालट

"पिकांची फेरपालट करा" हा सल्ला आपण इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचा कंटाळा आला आहे. पण फेरपालटीने रोग का कमी होतो, हे फार थोड्यांनी सांगितले. कारण कळल्याशिवाय फेरपालट केली तर ती उलटीही पडू शकते.

गव्हाचे उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत गव्हाच्या मुळांवर एक बुरशी येते. तिथले शेतकरी तिला "टेक ऑल" म्हणतात, म्हणजे सगळे घेऊन जाणारी. ही बुरशी गहू, जव आणि त्यांच्या जवळच्या गवतांवरच जगते. गव्हाचे धसकट कुजून संपले, की तिचा आसरा संपला. म्हणून तिथे एक वर्ष मोहरीवर्गातले किंवा कडधान्याचे पीक घेतले आणि रानात गवत राहू दिले नाही, तर पुढच्या गव्हाची मुळे बरीचशी पांढरी राहतात. तिथे फेरपालट म्हणजे सरळ उपासमार: रोगाला खायला देऊ नका, तो मरेल.

आपला खडखड्या असा नाही. त्याची बुरशी पाचशेच्या वर जातींच्या वनस्पतींवर जगू शकते. ज्वारी आहेच. मका, सोयाबीन, भुईमूग, सूर्यफूल, तीळ, हरभरा, मूग, करडई, आणि आपली कपाशीसुद्धा तिच्या यादीत आहेत. सोयाबीनचे झाड अवेळी वाळते आणि बुडाची साल सोलल्यावर राखाडी-काळे ठिपके दिसतात, ते हिचेच काम. हरभरा फुलोऱ्यानंतर वाळतो आणि उपटताना मूळ तुटते, तिथेही बहुतेक वेळा हीच. तेव्हा ज्वारीनंतर सोयाबीन, सोयाबीननंतर हरभरा आणि परत ज्वारी, याला कोणी फेरपालट म्हणत असेल तर म्हणो. बुरशीच्या दृष्टीने ताट तेच, फक्त वाढणारा बदलला.

मग आपल्याकडे फेरपालटीचा उपयोग नाही काय? आहे, पण तिचे काम वेगळे आहे. नुसत्या उपासमारीने ही बुरशी मरत नाही. तिला तीन बाजूंनी कोंडावे लागते. पहिले, जमिनीत काळ्या कणांची भर पडू द्यायची नाही. दुसरे, आहेत ते कण ओलीत आणि जिवंत मातीत कुजवायचे. तिसरे आणि सगळ्यात मोठे, ज्वारीचा दाणा भरताना तिच्या मुळाखाली ओल शिल्लक राहील असे पीक तिच्या आधी घ्यायचे. आपल्या वाडवडिलांना बुरशी माहीत नव्हती. पण ते "बेवड" म्हणत आणि त्या एका शब्दात या तिन्ही गोष्टी येत. अमक्या पिकाचा बेवड चांगला म्हणजे त्या पिकाने मागे काय ठेवले: ओल किती ठेवली, कस किती ठेवला, घाण किती ठेवली.

पाण्याचा हिशेब

आता ओलीचा हिशेब मांडू. रब्बी ज्वारी ४५ सेंटिमीटरच्या ओळीत, १५ सेंटिमीटरवर एक ताट ठेवली, तर एकरी साधारण ६०,००० ताटे बसतात. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकरात सुमारे ४,००० लिटर. प्रत्येक ताटाच्या वाट्याला आले ६५ ते ७० मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर चहाएवढे. समजा, आधीच्या पिकाने जमिनीतली ओल ५० मिलिमीटरने जास्त ओढली. मग प्रत्येक ताटाचे तीन-साडेतीन लिटर पाणी गेले. पेरणीच्या वेळी ते जाणवत नाही, कारण वरची ओल तेव्हा असते. ते जाणवते पोटरीनंतर, जेव्हा मूळ खाली जाते आणि खाली काही सापडत नाही. हीच ताटे दुप्पट दाट ठेवली तर वाटा आणखी निम्मा. २००३ साली मी केले ते हेच.

पूर्वी भारी जमिनीत रब्बी ज्वारीचे रान पावसाळाभर वखरून मोकळे ठेवत. त्यात एक हंगाम वाया जाई, उताराची माती वाहून जाई, हे खरे. पण सगळा पाऊस ज्वारीसाठी साठे. पुढे मूग-उडदावर ज्वारी आली. मूग ६५-७० दिवसांत निघतो. ऑगस्टअखेर रान मोकळे होते आणि सप्टेंबरचा पाऊस, जो मराठवाड्यात बहुधा भरवशाचा, जमिनीत मुरतो. मुगाच्या मुळांवर ही बुरशी येते हे कबूल. पण रान मोकळे होऊन ओले राहते आणि ओल्या मातीत काळे कण फार काळ तग धरत नाहीत. कोरड्या मातीत वर्षे काढणारे कण चिंब मातीत काही आठवड्यांत कुजतात. मातीतले इतर जीव त्यांना खातात.

सोयाबीनचे तसे नाही. ते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रानात उभे असते. तोपर्यंत परतीचा पाऊसही तेच पिते. त्यानंतर काढणी, मळणी, मशागत आणि मग ज्वारी. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या चांगल्या मुदतीच्या पलीकडे जाते. दाणा भरायची वेळ तितकीच उन्हाकडे सरकते. म्हणजे रोगाचे बीज वाढवणारे पीक आधी, ओल कमी, पेरणी उशिरा. खडखड्याला आणखी काय हवे? ज्यांच्याकडे दोन पाण्याची सोय आहे त्यांनी सोयाबीनवर ज्वारी घ्यावी, त्यांचे निभते. ज्यांच्याकडे आभाळाशिवाय काही नाही, त्यांनी निदान भारी रानात तरी हा जुगार दर वर्षी खेळू नये.

कपाशीच्या बेवडाची गोष्ट

आपण कापूस आणि ज्वारी पिकवणारे लोक. कपाशीच्या रानात दुसऱ्या वर्षी ज्वारी आणि ज्वारीच्या रानात कपाशी, हा आपल्याकडचा जुना पालट. त्यामागे एक मोठे कारण आहे आणि ते विज्ञानाला बऱ्याच उशिरा कळले.

हलक्या, कस नसलेल्या जमिनीत ज्वारीच्या बुडाशी टारफुला येतो. हिरवे, नाजूक, बारीक फुलांचे झाड. दिसायला निरुपद्रवी, पण त्याचे मूळ ज्वारीच्या मुळात घुसलेले असते आणि ते तिथून पाणी आणि अन्न ओढते. टारफुला जमिनीवर दिसतो तोपर्यंत बरेचसे नुकसान जमिनीखाली होऊन गेलेले असते. एक झाड हजारो बिया टाकते. बी धुळीएवढे, आणि ते मातीत दहा-दहा वर्षे आणि त्याहून जास्त काळ पडून राहते. पण हे बी आपणहून उगवत नाही. जवळ मूळ आल्याची खूण मिळाल्यावरच ते डोळे उघडते.

ही खूण कोणती, याचा शोध अमेरिकेत लागला. तिकडे कॅरोलिना भागात १९५६ साली टारफुल्याच्या जातीचे तण सापडले, तेव्हा खळबळ उडाली. संशोधन सुरू झाले आणि १९६६ साली मुळातून पाझरणारे ते द्रव्य हाती लागले. त्याला "स्ट्रायगॉल" नाव दिले. गंमत अशी, की ते सापडले ज्वारीच्या नव्हे, तर कपाशीच्या मुळांत. कपाशीला टारफुला लागत नाही. तरी कपाशीचे मूळ टारफुल्याच्या बीला उठवते. बी उगवते, चिकटायला मूळ शोधते, कपाशीवर त्याचा जम बसत नाही आणि ते उपाशी मरते. म्हणजे कपाशी हा टारफुल्याचा सापळा आहे.

कपाशी असे द्रव्य सोडते तरी कशाला? याचे उत्तर २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दिले. ते द्रव्य म्हणजे मुळांशी मैत्री करणाऱ्या, जमिनीतला स्फुरद आणून देणाऱ्या चांगल्या बुरशीला घातलेली हाक आहे. हाक मित्राला, आणि ऐकतो चोर. आपल्या आज्याने ज्वारीच्या रानात कपाशी फिरवली, तेव्हा त्याने हे शोधनिबंध वाचले नव्हते. पण त्याने हे पाहिले होते, की कपाशीच्या बेवडावर टारफुला कमी येतो.

इथे एक सावधगिरी. एका वर्षाच्या कपाशीने टारफुल्याचे सगळे बी संपत नाही. दोन-तीन फेरे लागतात आणि दरम्यान एकाही झाडाला फूल येऊ देता कामा नये. आणि हीच कपाशी खडखड्याच्या बुरशीला मात्र पूर्ण बंद नाही. म्हणजे एका रोगाला चालणारा बेवड दुसऱ्याला तितकाच चालेल असे नाही. आपल्या रानात कोणता रोग आहे हे आधी ओळखा, मग पालट ठरवा.

मिसळीचे पीक

वर्षावर्षाची फेरपालट ज्याला शक्य नाही त्याने एकाच हंगामात पालट करावी. तिला आपण आंतरपीक म्हणतो. पंजाबात लायलपूर येथे, म्हणजे आताच्या पाकिस्तानातल्या फैसलाबादेत, १९३० आणि १९४० च्या दशकांत वसुदेवा या शास्त्रज्ञांनी कपाशीच्या मूळकुजीवर काम केले. तिथेही ही आपलीच काळी बुरशी होती आणि तिच्या जोडीला रायझोक्टोनिया. त्यांनी कपाशीच्या ओळींत मटकी पेरली. मटकीने जमीन झाकली, मातीचे तापमान उतरले आणि मूळकूज घटली. औषध नाही, यंत्र नाही, फक्त सावली.

तुरीचेही तसेच. सलग तुरीत मर रोग येतो, तो वेगळ्या बुरशीचा. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांत तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्यावर मर कमी झाली आणि एक वर्ष ज्वारी फिरवल्यावरही कमी झाली. म्हणजे ज्वारी नुसती रोग घेत नाही, दुसऱ्याचा रोग अडवतेही. आपल्या पट्ट्यात तूर आणि ज्वारी शेजारी शेजारी का उभ्या असत, ते यावरून समजावे.

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत या काळ्या बुरशीवर आणखी एक गोष्ट पाहिली गेली. मोहरीवर्गातल्या पिकांचे अवशेष मातीत गाडून उन्हाळ्यात एक पाणी दिले, तर मातीतले कण घटतात. आपल्याकडे उन्हाळी पाणी कुठून आणणार हा प्रश्न आहेच. पण धडा घेता येतो: कुजणारा पाला आणि ओल एकत्र आली, की ही बुरशी हरते. नुसता कोरडा उन्हाळा तिला मारत नाही, उलट जपतो.

बेवड मोडला कोणी?

आता या पानावर न सांगून चालणार नाही अशी गोष्ट. "शेतकरी फेरपालट करत नाही, एकच पीक घेतो, म्हणून रोग येतात," असे कार्यशाळांत ऐकायला मिळते. ऐकणारा खाली मान घालतो. मान खाली घालायचे कारण नाही. आकडे बघा. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाखांहून अधिक हेक्टर होते. आज ते वीस लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले आहे. सोयाबीन तेव्हा नावापुरते होते, आज सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर आहे. एवढी जमीन शेतकऱ्याने आळसाने फिरवली नाही. सोयाबीनचा पैसा दिवाळीआधी हातात येतो. ज्वारीला काढणीला माणूस मिळत नाही, पाखरे राखायला पोरे नाहीत, रानडुकरांचा उपद्रव आहे आणि पोते विकायला नेले तर व्यापारी तोंड फिरवतो. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि मालदांडी ज्वारीचा ३,७४९ रुपये जाहीर झाला. त्यातही जाहीर होणे वेगळे आणि मिळणे वेगळे. २०२४ च्या काढणीला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाचे सोयाबीन अनेक बाजारांत त्याखाली विकले गेले, हे तुम्ही स्वतः अनुभवले आहे.

पाच एकरवाल्याला फेरपालट करायची तर किमान तीन पिकांना बाजार हवा. एकाच पिकाला बाजार असेल तर रानातही एकच पीक उभे राहणार. जमिनीतली बुरशी बाजाराच्या पाठोपाठ येते. हे ज्यांना समजत नाही, त्यांनी फेरपालटीवर भाषणे देऊ नयेत.

पण भावांनो, हेही तितकेच खरे, की बाजाराने बेवड मोडला तरी कुजते ते आपलेच मूळ. बाजार दुरुस्त होईपर्यंत बुरशी थांबत नाही. भावाची लढाई जिल्ह्यात आणि त्यापुढे लढायची आहे, ती लढूच. बेवडाची लढाई आपल्याच बांधाच्या आत आहे. तिला कोणाची परवानगी लागत नाही. शिवाय ज्वारी हे नुसते विकायचे पीक नाही. घरची भाकरी आणि दावणीचा कडबा तिच्यावर आहे. दुष्काळात धान्य रेशनवर मिळेल, कडबा मिळत नाही. कडबा संपला, की बैल बाजारात जातो आणि बैल गेला, की पुढची वखरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर. खडखड्याने आडवे पडलेले रान म्हणजे एका हंगामाचे नुकसान नव्हे, हे त्या बाईंना पक्के ठाऊक होते.

काय करायचे

रानाचे तीन भाग करा. पाच एकर असो वा पंधरा. ज्या भागात यंदा खडखड्या आला, तिथे पुढच्या वर्षी सोयाबीनवर ज्वारी घेऊ नका. मूग किंवा उडीद घेऊन त्यावर वेळेत ज्वारी करा, किंवा पावसाळ्यात ताग-बोरू पेरून फुलोऱ्याआधी गाडा आणि मग ज्वारी घ्या. टारफुल्याच्या हलक्या भागात कपाशी फिरवा, कपाशीत मटकी किंवा मुगाच्या ओळी टाका. तिसऱ्या भागात तूर आणि ज्वारी मिसळून घ्या. दर वर्षी भाग फिरवा.

काढणीनंतर रोगट भागातली धसकटे वेचा. काळी पडलेली ताटे गंजीत मिसळू नका आणि रानात पसरू देऊ नका.

ज्वारी पेरताना ताटांची संख्या आवरा. एकरी ६०,००० पुरेत, हलक्या रानात त्याहून कमी. खत पेरणीबरोबरच दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली द्या. कोरडवाहूत वरून युरिया टाकण्याचा मोह आवरा. माझ्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली, ती तुम्ही पुन्हा मोजू नका.

तीन कोळपण्या चुकवू नका: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने करून भेगा बुजवा. भेगेतून उडणारी ओल ही दाण्याची ओल आहे. एखादे पाणी देता येत असेल तर ते पोटरीत, नाहीतर फुलोऱ्यात द्या. तेव्हा दिलेले एक पाणी नंतरच्या दोन पाण्यांपेक्षा कामाला येते.

वाण जमिनीप्रमाणे निवडा. हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी रानात फुले वसुधा किंवा परभणी मोती. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा, स्वस्त आहे, अपाय नाही. पण ट्रायकोडर्मा चोळले म्हणून बेवड विसरू नका.

शेवटी एक काम. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने दोन गोष्टी आणायच्या आहेत. आपल्या रानातली बुडापासून उपटलेली पाच ताटे, मुळासकट. आणि एका कागदावर त्याच तुकड्याचा मागच्या पाच वर्षांचा बेवड: कोणत्या साली खरिपात काय, रब्बीत काय. ताटे सगळ्यांसमोर चिरू. कोणाचे मूळ पांढरे, कोणाचे काळे, ते बघू आणि कागदांशी ताडून पाहू. शंभर शेतकऱ्यांच्या शंभर तुकड्यांचा पाच वर्षांचा हिशेब एका खोलीत जमला, तर आपल्या जिल्ह्याचा बेवड कोणता हे आपल्याला कोणत्या कार्यालयाला विचारायची गरज उरणार नाही.

त्या बाईंना मी सांगितले आहे. त्या येणार आहेत, ताटे घेऊन.